शनिवारी छापलेली रविवारची भेट

कोणत्याही सेवाभावी संस्थेच्या खोलीत डोकावून बघा. सभासद साठ, खुर्च्या वीस आणि काम करणारा एक. या गोष्टीतल्या सेवा क्लबात तो एक म्हणजे चिटणीस. जन्मभर कारकुनी करून निवृत्त झालेले. स्वभावाने गरीब, अक्षर मोत्यासारखं, आणि अहवाल लिहायला बसले की ऐकणाऱ्याचे डोळे पाणावावेत.

क्लबचं दर महिन्याला चार पानांचं पत्रक निघायचं. पहिल्या पानावर झालेले उपक्रम, शेवटच्या पानावर होणारे कार्यक्रम, मध्ये फोटो आणि वाढदिवस. सभासदांना आणि त्या वृद्धांच्या मुलांना ते फोनवर जायचं, वस्तीतल्या इमारतींच्या जिन्यात लागायचं. त्यात एक बातमी कायमची होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजता, एकट्या राहणाऱ्या सात वृद्धांच्या घरी भेट.

आता अडचण अशी, की छापखाना रविवारी बंद आणि पत्रक तर रविवारी दुपारी हातात हवं. मग चिटणिसांनी एक सोय काढली. रविवारच्या भेटीची बातमी ते शनिवारीच लिहून द्यायचे. "सभासदांनी सातही ज्येष्ठांची भेट घेतली. सर्वांची प्रकृती उत्तम." चार वर्षं हेच वाक्य. कुणी हटकलंच तर हसून म्हणायचे, "खोटं कुठे आहे? थोडं लवकर आहे, एवढंच!"

आणि खरंच, चार वर्षं भेटी होत होत्या. या महिन्यात मात्र त्याच रविवारी वर्धापनदिनाची तालीम लागली. कोण कुठे बसणार, हार कोण घालणार, स्वागतगीत कोणत्या पट्टीत. प्रत्येकाला वाटलं, भेटीला दुसरं कोणीतरी गेलं असणार. गेलं कोणीच नाही. पत्रक मात्र वेळेवर गेलं. संध्याकाळी चिटणिसांच्या लक्षात आलं, तेव्हा ते स्वतःशीच म्हणाले, "असू दे. पुढच्या महिन्यात दोनदा जाऊ."

मंगळवारी सकाळी अकराला क्लबच्या खोलीतला फोन वाजला.

"चिटणीस बोलताय का? मी टाचणीआजींची मुलगी. म्हणजे तुम्ही सगळे आईला तेच म्हणता ना?"

टाचणीआजी म्हणजे वस्तीतली जुनी शिवणारी बाई. ओठात टाचणी धरूनच बोलायची, म्हणून ते नाव. मुलगी दूरच्या शहरात नोकरीला.

"बोला ना, ताई."

"शनिवारी रात्रीपासून आई फोन उचलत नाहीये. रविवारी मी शेजारी कोणाला तरी पाठवणारच होते. तेवढ्यात तुमचं पत्रक आलं आणि जीव भांड्यात पडला. म्हटलं, फोन बिघडला असेल. पण आज तिसरा दिवस. तुम्हाला कशी वाटली हो आई?"

मंडळी, हाच तो क्षण होता. "ताई, आम्ही गेलोच नाही," एवढं म्हणायचं होतं. पण चार वर्षांची सवय जिभेवर आधीच येऊन बसली होती.

"बऱ्या होत्या की. हसून बोलल्या."

"हसली? अगबाई! मग ठीक आहे. गुडघे दुखत असताना चहा करत बसली असेल तुमच्यासाठी."

"हो, म्हणजे... अर्धा कप घेतला."

चिटणिसांनी फोन ठेवला.

खोलीच्या कोपऱ्यात सिस्टर बसल्या होत्या. तीस वर्षं रुग्णालयात नर्स म्हणून काढलेल्या. क्लबच्या कुबड्यांना रबराची नवी टोपणं बसवत होत्या.

"कोणी घेतला अर्धा कप?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"सिस्टर, रविवारी तालमीनंतर तरी तुम्ही आजींकडे डोकावला होतात ना?"

"मी? मला तुम्हीच संध्याकाळपर्यंत दारात गुच्छ धरून उभं केलं होतंत. हात भरून आले माझे."

"मग कोणीच नाही का गेलं?"

"तेच मी विचारतेय."

चिटणिसांनी आजींचा नंबर फिरवला. घंटी वाजत राहिली. त्यांच्या डोळ्यांपुढे ती बंद खोली आली आणि त्या खोलीत वाजणारा फोन आला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. सिस्टरनी हातातली कुबडी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "उठा."

रस्ता दहा मिनिटांचा. चिटणीस जवळजवळ पळत होते आणि पळता पळता बोलत होते.

"फोनच बिघडला असेल, नाही का हो?"

"असेल."

"नाहीतर झोप लागली असेल."

"शनिवारपासून?"

"सिस्टर, असं नका ना बोलू!"

"मी कुठे बोलतेय? तुम्हीच विचारताय. पाय उचला."

देवा, एवढ्या वेळी सांभाळ. देवा, त्या दार उघडून माझ्यावर डाफरू देत. चिटणिसांच्या मनात दुसरं काही येईना.

इमारतीच्या जिन्यात फळ्यावर त्यांचंच पत्रक टाचलेलं होतं. सर्वांची प्रकृती उत्तम! ती ओळ त्यांना वाचायची नव्हती, पण वाचली गेली. दोघं तिसरा मजला चढले. त्यांनी घंटी दाबली. आत ती नीट वाजली. कोणी आलं नाही. सिस्टरनी दारावर थाप मारली, "आजी! अहो आजी!" काही नाही. दार आतून बंद.

शेजारचं दार उघडलं. ओले हात पदराला पुसत शेजारीण बाहेर आली.

"काय हो भाऊ, पुन्हा आलात?"

ते 'पुन्हा' चिटणिसांच्या छातीत रुतलं.

"पुन्हा म्हणजे?" सिस्टरनी विचारलं.

"अहो, रविवारी आला होतात ना? जिन्यातल्या पत्रकात वाचलं मी. खिळे ठोकत होतात आजींच्या भिंतीला. आमच्याकडे भांडी हलत होती! हे चिडले, तर मीच म्हटलं, क्लबवाले म्हातारीला फळी बसवून देताहेत, चालू द्या. कालपण थांबून थांबून चाललं होतं. म्हटलं, काम लांबलं वाटतं."

"आणि आज?"

"आज काही आवाज नाही बाई." आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. तिने एकदा चिटणिसांकडे पाहिलं, एकदा बंद दाराकडे. "म्हणजे तुम्ही नव्हतात?"

शेजारीण तशीच अनवाणी खाली धावली आणि तळमजल्यावरच्या सुताराला घेऊन आली. सुताराने पटाशी लावली. लाकूड करकरलं, पण कडी काही सुटेना. "जुनं काम आहे, पक्कं आहे," तो पुटपुटला. सिस्टर दाराला कान लावून उभ्या होत्या. चिटणिसांना वाटत होतं की दार उघडावं, आणि असंही वाटत होतं की उघडूच नये. जोवर बंद आहे तोवर आजी आहेत!

कडी तुटली. सिस्टर आत शिरल्या. चिटणिसांचे पाय उंबऱ्याशीच खिळले. त्यांना दिसलं ते एवढंच: शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला लहान मुलीचा फ्रॉक, जमिनीवर विखुरलेल्या टाचण्या, आणि मशीनमागून बाहेर आलेलं एक पाऊल. पांढरं. न हलणारं.

किती वेळ गेला? घड्याळात दोन सेकंद गेले असतील, पण चिटणिसांना त्या वेळात आपलं सगळं आयुष्य खोटं वाटून गेलं.

"आहेत!" सिस्टर ओरडल्या. "नाडी लागतेय! रुग्णवाहिका बोलवा, लवकर!"

आजी भिंतीला लागून पडल्या होत्या. खुबा मोडला होता. एका हातात कापड मोजायची लाकडी पट्टी. भिंतीचा रंग तेवढ्या जागी पार उडालेला. इस्त्रीआधी कापडावर पाणी शिंपडायची बाटली जवळ आडवी झाली होती, रिकामी. त्याच पाण्यावर आजींनी दिवस काढले होते. सिस्टरनी ओला बोळा ओठांना लावला, तसे त्यांचे डोळे किलकिले झाले.

"आलात?" आवाज कसला, नुसता श्वास होता. "वाजले का दहा?"

चिटणीस गुडघ्यांवर बसले.

"शनिवारी संध्याकाळी पाय घसरला," आजी सांगू लागल्या. "म्हटलं, उद्या माणसं यायचीच आहेत. ओरडून घसा कशाला फोडू? गप पडून राहिले. मग बराच वेळ झाला, तर पट्टीने ठोकलं. पण माणसं येणार म्हटल्यावर भीती नाही वाटली हो फार. आज रविवारच ना?"

चिटणिसांनी मान खाली घातली आणि ते त्या बाईच्या पायाशी हमसून रडले.

रुग्णालयात डॉक्टरांनी आजींना आत नेलं. "वेळेवर आणलंत असं नाही म्हणता येणार, पण प्रयत्न करतो," एवढंच सांगितलं. चिटणीस बाकावर बसले आणि एकदम ताडकन उठले. "सिस्टर! बाकीचे सहा?"

"रुग्णवाहिकेतूनच सहा सभासदांना फोन केलेत मी. प्रत्येक दारावर एकेक जण गेलाय. पाचजण बरे आहेत. सहाव्या आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या रविवारीच संपल्यात. आपण आणून देऊ म्हणून वाट बघत होते."

तेवढ्यात क्लबच्या अध्यक्षांचा फोन आला. "ऐकलं मी सगळं! वाईट झालं हो, फार वाईट. पण तुम्ही वेळेवर पोचलात! पुढच्या पत्रकात पहिल्या पानावर घ्या. 'क्लबच्या तत्परतेने वृद्धेचे प्राण वाचले.' वर्धापनदिनाला दरवाजा तोडणाऱ्या सुताराचा सत्कारही करू. काय म्हणता?"

चिटणिसांनी उत्तर न देताच फोन बंद केला.

"सिस्टर, मी काही मुद्दाम नव्हतं केलं हो. एक ओळ, तीही सवयीने..."

"चिटणीस," सिस्टर शेजारी बसल्या. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. "त्या ओळीने काय केलं ते नीट बघा. पोरगी काळजीत होती, तिला तुमच्या ओळीने गप्प बसवलं. शेजारणीने भिंतीवरचे ठोके ऐकले, तिला ओळीने सांगितलं की आत माणसं आहेत. आणि आजींनी स्वतःच हाक मारायची थांबवली, कारण त्यांचाही तुमच्यावर विश्वास! आपला क्लब नसता ना, तर रविवारीच ते दार उघडलं असतं. सेवा केली नाही, तो आळस झाला. पण न करता 'केली' म्हणालो की जो करणार असतो त्याचेही हात आपण बांधतो. तुमच्या शब्दावर माणसं निर्धास्त होतात, चिटणीस. म्हणून भीती वाटली पाहिजे लिहिताना."

चिटणीस म्हणाले, "तिच्या मुलीला सांगायला हवं. पण सिस्टर, मला फार भीती वाटते. ती काय म्हणेल?"

"म्हणेल ते ऐका. आज आपण ऐकायचं."

त्यांनी नंबर लावला. दोनदा कापला. तिसऱ्यांदा लागू दिला.

"ताई, तुमच्या आई रुग्णालयात आहेत. जिवंत आहेत. आणि रविवारी आमच्यातलं कोणीही त्यांच्याकडे गेलं नव्हतं. पत्रकात मी खोटं लिहिलं. सकाळी तुमच्याशीही खोटं बोललो."



"म्हणजे हसली नव्हती ती?"

"मी त्यांना पाहिलंच नव्हतं."

मग रडणं. मग राग, आणि तो सगळा त्यांनी कानाला फोन धरून ऐकला. शेवटी ती म्हणाली, "मी निघतेय. उद्या सकाळ होईल. तोपर्यंत तिथून हलू नका."

"नाही हलणार, ताई."

"हे तरी खरं बोलताय ना?"

सकाळी मुलगी धावत जिना चढून आली, तेव्हा चिटणीस त्याच बाकावर बसलेले होते. शस्त्रक्रिया झाली होती. आजी शुद्धीवर होत्या. मुलगी त्यांच्यासमोर थांबली आणि आत गेली. क्षमा केली की नाही, ते तिचं तिला ठाऊक.

पुढचं पत्रक अध्यक्षांना न दाखवताच छापलं गेलं. पहिल्या पानावर एकच मजकूर होता: "पहिल्या रविवारी क्लबने कोणाचीही भेट घेतली नाही. घेतली असे छापले, ते खोटे होते. त्यामुळे एक आजी अडीच दिवस जमिनीवर पडून राहिल्या. चूक माझी. चिटणीस." काही सभासद रागावले, दोघांनी राजीनामे दिले. पण त्यानंतर भेटीला जाणाऱ्यांची संख्या सहावरून एकवीस झाली, आणि भेट घेऊन माणूस परतल्याशिवाय पत्रकाचं पहिलं पान छापखान्यात जायचं बंद झालं.

नागरिक बंधुभगिनींनो, आपणही कुठल्या ना कुठल्या संस्थेत आहोत, कचेरीत आहोत, निदान घरात तरी आहोतच. "झालं", "केलं", "बघून आलो" हे शब्द आपण किती सहज वापरतो! त्या शब्दांवर विसंबून कोणीतरी, कुठेतरी, हाक मारायची थांबलेलं असतं. देवाला आपले अहवाल नकोत. तो त्या बंद दाराआड पडलेला असतो आणि आपल्या पावलांची चाहूल घेत असतो. तेव्हा आधी जाऊन या. लिहायला पुष्कळ वेळ आहे.