खंडेनवमीचं तेल

अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं म्हणून माझ्या नवऱ्यानं माझ्याशी उभा दावा मांडला. त्याची ही हकीकत आहे. त्याला मी तोंडावर 'तुम्ही' म्हणते. मनात 'तो' म्हणते, आणि इथंही तेच म्हणणार आहे.

मी गोदू. सत्तावीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसले आणि जूनमध्ये निवृत्त झाले. नवरा नरहर, शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्सचा फोरमन होता, तो माझ्या दोन वर्षं आधी घरी बसला. मिलच्या दणदणाटानं त्याचे कान केव्हाच कामातून गेलेत, पण कबूल करेल तर शपथ. टीव्ही इतका मोठ्यानं लावतो की आमच्या घरच्या बातम्या अर्धा तात्यापारा, म्हणजे आमचा मोहल्ला, ऐकतो. कानाला मशीन लावून घ्या म्हटलं की अंगावर येतो, "मी काय बहिरा आहो?"

व्हायोलिनच का, असं सगळ्यांनी विचारलं. शेजारच्या अंजनाबाई म्हणाल्या, गुडघे दुखतात तर भजनी मंडळात या, तिथं खुर्च्या आहेत. मला हवं होतं म्हणून, एवढंच माझं कारण. पुरुषाला नवी स्कूटर घ्यायला एवढं कारण पुरतं, मला का पुरू नये?

शिकवणारी गंधाली, वय तिशीच्या आत. तेलीबांध्याच्या तलावाजवळ एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर तिचा वर्ग. पहिल्या दिवशी तिनं आधी माझे केस पाहिले आणि मग मला.

"काकू, मैं बुजुर्ग लोगों को नहीं लेती," ती आमच्या गावच्या हिंदी-मराठी मिसळीत म्हणाली. "दोन महिन्यांत सोडून जातात. माझी सीट वाया जाते."

"मी टपाल संपल्याशिवाय कधी टेबल सोडलं नाही," मी म्हटलं.

तिला काही हसू आलं नाही. तिनं अट घातली. तीन महिने शिकवीन. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा. गज, म्हणजे तारांवर घासायची ती काठी, एकदाच ओढायची आणि तेवढ्यात 'सा' दहा मात्रा धरायचा. कापला नाही पाहिजे, तुटला नाही पाहिजे. तुटला तर यादीतल्या पुढच्या माणसाला सीट. "मंजूर?"

"मंजूर," मी म्हटलं. पोरीच्या वयाची मास्तरीण, पण हिशोब रोखठोक होता. मला राग आला आणि आवडलंही.

घरी आणलेलं व्हायोलिन पहिले दोन दिवस मुकं होतं. गज ओढते, ओढते, आवाजच नाही. दुकानदारानं टोपी घातली असं समजून मी भांडायला निघाले, पायात चपलाही घातल्या. नरहर सोफ्यावरून बघत होता.

"पट्टा घसरून राहिला तुहा," तो म्हणाला.

"काय?"

"मशीनचा पट्टा पुलीवरून घसरला का आम्ही राळ लावत होतो. तसंच आहे हे. घोड्याचे केस गुळगुळीत असतात, तार पकडत नाही. राळ नाही दिली का पेटीत?"

पेटीत एक मधाच्या रंगाची वडी होती. पेटीला वास लागू नये म्हणून ठेवली असेल, डांबराच्या गोळीसारखी, असं मी समजले होते. ती गजाच्या केसांवर घासली आणि आवाज आला. असा आला की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. नरहर पोट धरून हसला. "आता तेलापासून दूर ठेव," तो म्हणाला. "पट्ट्याले तेलाचा थेंब लागला का पुरी लाईन बंद." मला त्या दिवशी वाटलं, चला, निदान ह्याला गंमत तरी वाटते आहे.

ती गंमत आठ दिवसांत आटली. मी आतल्या खोलीत सतरंजीवर बसायची, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवायची, आणि बोटांकडे बघायचं नाही असं गंधालीनं बजावलं होतं म्हणून डोळे मिटायची. डोळे मिटले की ह्याचं सुरू. टीव्हीचा आवाज वाढायचा. नेमका तेव्हाच चहा हवा असायचा. एरवी सहा महिने गळणारा नळ त्याला तेव्हाच दुरुस्त करायचा असायचा, आणि पाना पाइपवर असा आपटायचा की जणू पाइपनं त्याचं घोडं मारलं होतं.

"बंद कर ती किरकिर," तो म्हणायचा. "डोकं उठून राहिलं."

"दोन तास सहन करा," मी म्हणायची. "तुमचं घोरणं मी रात्रभर सहन करते."

असं आमचं चाललं. बोलणं फक्त भांडणापुरतं उरलं, जेवणाच्या ताटावर तेही नाही. पण सप्टेंबर सरेपर्यंत माझा 'सा' सात मात्रांवर गेला, मग नऊवर. नवरात्रात एकदा दहा झाल्या. कुणाला सांगावं तर घरात सांगण्यासारखं कुणी नव्हतं, म्हणून पोराला, शिशिरला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे वा आई, बढिया," आणि त्याला दुसरा कॉल आला.

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. नरहर दरसाल आपले पाने, हातोडे, मापं घ्यायचा व्हर्नियर सगळं काढतो, मशीनच्या तेलानं पुसतो, पाटावर मांडतो, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. दसऱ्याला दुपारी पाट उचलला की मगच. लग्नाच्या एकतीस वर्षांत त्या पाटावर माझी एकही वस्तू बसली नाही. माझा पेन नाही, माझं शिलाई मशीनसुद्धा नाही.

यंदा तो मला म्हणाला, "तुह्यं व्हायोलिन आण. तेही आता हत्यारच आहे ना."

खरं सांगते, मी विरघळले. मूर्ख बाई मी. स्वतःच्या हातानं व्हायोलिन पुसलं, गज शेजारी ठेवला, आणि ह्याच्या हातात हळद-कुंकवाची वाटी दिली. परीक्षेच्या तोंडावर दीड दिवस रियाज बुडणार होता, तोही मी आनंदानं बुडवला. जेवायला त्याच्या आवडीचे वडे केले.

दसऱ्याला दुपारी पाट उचलला. व्हायोलिनवर कुंकवाचा एक टिळा होता, तो शोभत होता. गज उचलला तर बोटं चिकट झाली. पांढरे केस पिवळे पडून एकमेकांना चिकटले होते, आणि वास मशीनच्या तेलाचा. तारेवर ओढून पाहिला. काही नाही. राळ घासली तर केसांवर तिचा चिखल झाला. साबण लावला, पीठ लावलं, जुन्या सुती साडीनं पुसलं. गज मेला होता.

मी किती ओरडले ते सांगत नाही. नरहर शांतपणे म्हणाला, "पुजेत तेल लागतेच. दरसाल लावतो मी. सगळ्याच हत्यारांले लावलं."

तेवढ्यात अंजनाबाई सोनं द्यायला आल्या. दारात आपट्याची पानं घेऊन उभ्या राहून त्यांनी सगळं ऐकलं आणि मलाच झापलं. "भाऊजींनं एवढ्या भक्तीनं पुजलं अन् तुम्ही सणाच्या दिवशी भांडून राहिल्या? नशीब समजा. आमच्या घरी तं मेल्या झाडूलेही कोणी विचारत नाही."

भक्ती म्हटली की संपलं. भक्तीवर कुठं तक्रार करता येते? त्यानं चोरून गज मोडला असता तर मी सगळ्या मोहल्ल्याला गोळा केलं असतं. पण हळद-कुंकू वाहून, फूल ठेवून, हात जोडून केलेल्या कामाला कोण वाईट म्हणेल? ह्यानं जागा अशी निवडली होती की ओरडणारी मीच वाईट ठरावी.

अंजनाबाई गेल्यावर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "पट्ट्याले तेलाचा थेंब लागला का पुरी लाईन बंद, हे तुम्हीच सांगितलं होतं ना मले?"

त्यानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. तीस वर्षं मशिनी सांभाळलेला माणूस. कुठं तेल घालायचं आणि कुठं नाही हे त्याला झोपेतही कळतं. मला आणखी पुरावा नको होता.

दुसऱ्या दिवशी मी तोच मेलेला गज घेऊन तेलीबांध्याला गेले. दुसरा कुठून आणणार? सणामुळं दुकानं बंद. गंधालीनं गज नाकाशी नेला.

"मशीन ऑइल? काकू, गज पे?"

"पूजा केली."

"किसने?"

"नवऱ्यानं."

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं, मग भिंतीवरच्या यादीकडे. "घरातली भांडणं घरात ठेवायची. ह्याचे केस बदलावे लागतील, आणि ते काम करणारं इथं मला तरी कुणी माहीत नाही. परीक्षा मात्र आजच. बाहर एक बंदा बैठा है."

"मग तुझा गज दे."

"मी माझा गज आईलाही देत नाही."

कोपऱ्यात पोरांचे गज टांगले होते, आखूड, दहा-अकरा वर्षांच्या हाताचे. मी त्यातला एक उतरवला. ती म्हणाली, "काकू, वो छोटा है. दहा मात्रा त्यात मावणारच नाहीत. फिर मत बोलना कि मैंने फेल किया."

"नाही बोलणार. मोज तू."

खाली बसले, डोळे मिटले. राग हाताशी आला की सूर कापतो, एवढं तीन महिन्यांत शिकले होते. मी मनात म्हटलं, नरहर, दहा मात्रा तू बाजूला उभा राहा, तुला मग बघते. गज ठेवला आणि ओढला. काठी आखूड, म्हणून गोगलगायीच्या चालीनं ओढली. चार. पाच. खांदा पेटला. सात. अर्ध्याच्या पुढे काठी संपत आली तशी मी आणखी सावकाश झाले, इतकी की गज हलतोय की नाही हे मलाच कळेना, पण सूर होता. नऊ. दहा. अकरावी मात्रा तिनं मोजली नाही, मी मोजली.

"राळ जास्त लावता," गंधाली म्हणाली. "मंगळवारी या. नवा गज येईपर्यंत हा न्या. और इसकी पूजा मत करवाना."

रिक्षात मी रडले. आनंदानं थोडी आणि संतापानं बाकीची.

घरी नरहर टीव्हीसमोरच होता. मी टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं.

"पास झाली मी."

त्यानं रिमोट दाबून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"काहून केलं तुम्ही?"

"किरकिर सहन होत नाही."

"तुम्हाले ऐकू येते तरी का ती किरकिर? मागच्या हप्त्यात अंजनाबाई बेल वाजवून-वाजवून दमल्या. मी आतून येऊन दार उघडलं, तुम्ही दाराजवळ बसून होते."

मला वाटलं आता 'मी काय बहिरा आहो' हे नेहमीचं वाक्य येईल. नाही आलं. त्यानं कानावरून हात फिरवला.

"नाही येत," तो म्हणाला. "एक सूर नाही येत. तुहा हात हलताना दिसते, बस. माहे कान गेले, गोदू."

एकतीस वर्षांत तो असं पहिल्यांदा बोलला.

"मग त्रास कायचा होता?"

"डोळे मिटून घेते तू. दोन-दोन घंटे. मले सगळं मुकं झालं आता, लोकांचे नुसते तोंडं हलतात. एक तू घरात आहे तं तुह्या तोंडाकडं पाहून समजते मले, काय बोलून राहिली ते. तू तिकडं बसते, तं मी हाक मारतो, तू पाहतच नाही. मी मेल्यावर घर असंच राहीन, असं वाटते मले."

मला त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू. आणि कीवेच्या मागोमाग संताप आला, तो मोठा होता. हा माणूस डबल शिफ्ट करून यायचा, ताटावर बसायचा, आणि मी बोलत असायची. शिशिरचा ताप, माझ्या बदलीची ऑर्डर, माझ्या आईचं दुखणं. समोर पेपर धरून हा 'हं' म्हणायचा. आईला उपचाराला नागपूरला न्यायचंय असं तीनदा सांगितलं होतं, आणि ती वारल्यावर ह्यानं विचारलं, मले काहून नाही सांगितलं?

"तुमचे कान धड होते तवा मी बोलत होती ना," मी म्हटलं. मोठ्यानं, ओठ नीट हलवून, एकेक शब्द त्याला दिसेल असा. "तवा तुम्ही कुठं होते?"

त्याला कळलं. मग तो म्हणाला, आणि हुकूम करायची सवय असलेल्या माणसाला विनवणी जमत नाही तशी ती बाहेर आली, "इथं बसून वाजवत जा. माह्यासमोर. डोळे उघडे ठेवून."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याला हवं होतं तसंच, डोळे उघडे ठेवून.

"उघडे ठेवले तर सूर जाते माहा," मी म्हटलं, आणि आत जाऊन सतरंजी अंथरली.