साक्षीला जावई नको

सासऱ्यांच्या मृत्युपत्राची सगळी धावपळ जावयाने केली. वकीलबाई शोधल्या, डॉक्टरांचा दाखला आणला, मुखत्यारपत्र बायकोच्या नावे करून घेतलं, वर सगळ्यांना चहाही पाजला. आता साक्षीदारांच्या दोन सह्या तेवढ्या उरल्या होत्या. त्याने ऐटीत पेन काढलं, तर सासरे गुरकावले, "तुम्ही नको. वरच्या मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला बोलावून आणा."

जावयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं झाली, तरी या माणसाचा काडीचा विश्वास नाही! एकदा काय ती पक्कड मोडली, तेव्हापासून हत्यारांच्या पेटीला जे कुलूप लागलं ते लागलंच. वरचा घोरणारा मास्तर चालतो, घरचा जावई चालत नाही!

मास्तर नवरा-बायको सह्या करून गेले. जावई स्वयंपाकघरात कप आदळत विसळत बसला.

"अहो, फुटतील ते," वकीलबाई दारातून हसत म्हणाल्या. "मृत्युपत्रात ज्याला काही मिळणार असतं, त्याने साक्षीला सही करायची नसते. मग त्याचंच मिळणं अडचणीत येतं."

"मला कसलं काय मिळतंय!"

"हत्यारांची पेटी," बाहेरून सासरे ओरडले. "किल्लीसकट."

जावयाच्या हातातला कप हातातच राहिला. आधी हात पुसावेत की डोळे, त्याला कळेना. तो तसाच ओल्या हातांनी बाहेर आला आणि खुर्चीखालच्या पेटीकडे बघत उभा राहिला.

सासऱ्यांनी पायाने पेटी आणखी आत सरकवली.

"मी अजून जिवंत आहे," ते म्हणाले.