दादाची चांदणी

मी कॅमेरा बोलतोय. रशियन, हातात धरला तर मनगट दुखेल इतका जड, आणि आता अगदी निर्दोष. हा शेवटचा शब्दच माझं दुःख आहे.

सोव्हिएत काळातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या इवल्याशा खिडकीतून पाहिलं की माणूस आधी दोनदा दिसतो. भिंग फिरवून ती दोन चित्रं एकमेकांवर बसवली की फोटो स्पष्ट येतो. माझ्या पोटात काळ्या कापडाचा पडदा असतो. बटण दाबलं की तो क्षणभर सरकतो आणि उजेड फिल्मवर पडतो.

छापखान्यात काम करणाऱ्या दादानं मला पहिल्या पगारात जुना विकत घेतला. पोरानं पहिल्या पगारात वीट आणली, असं घरचे म्हणाले. त्यानं मात्र मला जीव लावला.

एका दुपारी त्याची धाकटी बहीण अंगणात सायकल शिकत होती. तिचा फोटो काढायला त्यानं मला सज्ज केलं, तेवढ्यात ती धाडकन आपटली. मला तसाच भिंतीवर ठेवून तो धावला. भिंगावर झाकण लावायचं राहून गेलं. तिचा गुडघा धुऊन, तिला हसवून तो परत येईपर्यंत ऊन भिंगातून थेट आत उतरलं होतं. माझा पडदा जळून त्याला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं.

तेव्हापासून प्रत्येक फोटोत वरच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका यायचा. बहीण त्याला चांदणी म्हणायची. पडदा बदलून घे, असं लोक सांगायचे, पण दादा ऐकून सोडून द्यायचा. पुढे तिच्या दोन्ही मुलांचे पहिले फोटो मामानंच काढले, चांदणीसकट.

मग एका हिवाळ्यात दादा अचानक गेला. मी बहिणीच्या कपाटात आलो आणि लोकरीच्या कपड्यांखाली पडून पडून जाम झालो.

तिच्या नवऱ्याला माझ्याच जातीच्या कॅमेऱ्यांचा नाद. भंगारातून मेलेले दोन आणायचे, त्यांतून जिवंत एक करायचा. जेवणाच्या टेबलावर बाटल्यांच्या झाकणांत स्क्रू मांडलेले असत. “आमच्याकडे पाहुण्याला खुर्ची नाही, कॅमेऱ्यांना गाद्या आहेत,” असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मला मात्र तिनं त्याला कधी हात लावू दिला नव्हता.

लेकीला मुलगी झाली तेव्हा तिनंच मला त्याच्यापुढे ठेवलं.

“फक्त चालू करून द्या. बाळाचा पहिला फोटो दादाच्या कॅमेऱ्यानं काढायचाय.”

त्याचे हात किती दिवसांचे शिवशिवत होते! त्यानं मला उघडलं, पडदा दिव्यासमोर धरला आणि ते भोक पाहून हळहळला. सायकलची गोष्ट तिनं त्याला कधी सांगितलीच नव्हती. बिचारीनं आयुष्यभर डागाळलेले फोटो सांभाळले, निदान नातीचा तरी स्वच्छ यावा, असं त्याला मनापासून वाटलं. त्यानं नवं कापड बेतलं, चिकटवलं, वाळवलं. चाकांतलं वाळलेलं तेल पुसून काढलं. समोरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरून खिडकीतली दोन चित्रं एक केली. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती. जुना पडदा केरात गेला.

तिनं बाळाचा फोटो काढला. फोटो छापून आला तेव्हा नवरा कौतुकाची वाट बघत शेजारी उभा राहिला. ती बाळाकडे बघेचना. वरचा कोपरा बोटानं पुसत राहिली, मग त्याचंच जाड भिंग घेऊन शोधत राहिली.

“जुना पडदा कुठाय?”

तो कचऱ्याच्या गाडीतून कधीच गेला होता. मग तिनं त्याला सायकलची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता तो खाली बसला. म्हणाला, “सुईनं पाडून देतो गं. अगदी त्याच जागी.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही मापानं पाडाल. दादा माझ्याकडे धावला होता.”

माझ्या लोखंडी पोटात तेव्हा जे तुटलं, त्याचा सुटा भाग कुठल्याच भंगारात मिळणार नाही.

आता मी काचेच्या कपाटात सगळ्यांच्या पुढे असतो. तो रोज माझं झाकण नीट बसलंय का ते बघतो. ती माझ्यासमोरून जाताना मान वळवते. मला आता फार काही नको. त्या बाळाला लवकर चालता येऊ दे. मग एखाद्या दुपारी आजी तिचा फोटो काढायला मला अंगणात नेईल, पोर धडपडेल, आणि आजी मला उघडाच उन्हात विसरून तिच्याकडे धावेल.

तेवढं एकदा मला विसरा.