शेवटचा फर्मा

"मरणारा माणूस घरी पोचला, मावशी! आणि पोचणारा बर्फात मेला! डोळे कुठे गहाण टाकले होते?"

वाचनालयाच्या साहेबांनी बांधणीखोलीत येऊन पुस्तक टेबलावर आपटलं. सुईमावशीने ते उचलून कणा पाहिला. टाके तिचेच. वाचनालयातल्या हिवाळ्याच्या दोन कादंबऱ्या, एकाच छापखान्याच्या, एकाच मापाच्या. दोन्हींत बर्फात वाट चुकलेला बिननावाचा माणूस. एकीत तो गोठून मरतो, दुसरीत घर गाठतो. दोन्ही खिळखिळ्या होऊन एकदमच शिवायला आल्या आणि शेवटच्या पानांचे फर्मे, म्हणजे शिवायचे घडीचे गठ्ठे, इकडचे तिकडे गेले.

"चूक माझीच," मावशी म्हणाली. "बोटं बधिर झाली होती. बांधणीखोलीतला हीटर तुम्ही केबिनमध्ये नेलात ना, त्याच आठवड्यातली शिलाई ही."

"हीटरचं नंतर बघू. दुसरं पुस्तक त्या म्हाताऱ्या लाइनमनकडे आहे. आज आणा, दोन्ही उसवून नीट करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

थंडी नेमकी कुणाच्या खोलीत मुक्काम ठोकते, हे एकाही कादंबरीत लिहिलेलं नसतं. मावशी शाल गुंडाळून निघाली.

"या बाई!" लाइनमनने दार उघडलं. "शेवटचं प्रकरणच काढलंय."

पलंगावर रजयांच्या ढिगाखाली त्याची बायको. नाकाच्या शेंड्यापुरतीच उरलेली.

"कोण आलंय?"

"पुस्तकं शिवणारी."

"मग तुला ठाऊक असणार. पोचतो का गं तो घरी? डॉक्टर माझं काही धड सांगत नाहीत. निदान त्याचं तरी कळू दे."

"घाई बघा हिची!" म्हातारा खेकसला. "मी जन्मभर वादळात खांबांवर चढलो, तेव्हा नाही केलीस एवढी काळजी!"

"केली. तुम्हाला कळू दिली नाही."

मावशीने पुस्तक हातात घेतलं. मूळ पुस्तकात तो घरापासून हाकेच्या अंतरावर मरत होता; तिच्या चुकीने इथे घरी पोचला होता. लिहिणाऱ्याचं काय जातंय! उबेत बसून माणूस गोठवायला शाई पुरते. तिने टाका ओढून पाहिला. घट्ट होता. पुस्तक तिने म्हाताऱ्याला परत दिलं.

"पोचतो," ती म्हणाली. "माझ्या हाताने शिवलंय."

केबिनमध्ये साहेब वाटच बघत होते. "आणलं?"

"नाही. त्यांचं वाचून होऊ दे. परत येईल तेव्हा दोन्ही नीट करून देईन."

"मग उद्यापासून—"

"उद्या मी येणार. शिवणारं दुसरं कोण आहे तुमच्याकडे?" मावशीने वाकून हीटरची पिन उपसली, वायर मनगटाला गुंडाळली. "चूक माझी होती, साहेब. थंडी तुमची."

तिने हीटर कडेवर घेतला आणि जिना उतरली.

बांधणीखोलीत तारा लाल झाल्या. मावशीने बोटं शेकली. सुईत दोरा पहिल्याच फटक्यात गेला. टेबलाच्या थंड टोकाला साहेबांनी आपटलेलं पुस्तक तसंच पडलं होतं, बर्फात मेलेल्याचं. तिने तेही जरा हीटरजवळ सरकवलं.