आण्णांचं मत

"हे काढा," मी रविराज सरांना म्हणाले.

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या फोटोखालच्या फलकावर त्यांनी लिहून घेतलं होतं: 'युरोपीय चित्रपटांचे निस्सीम प्रेमी, कै. आसाराम'. हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत माय, पदर घट्ट लपेटून, नेकनूरहून आलेल्या चार बायकांसोबत.

"रोहिणीताई, चौदा वर्षांत एकही सिनेमा चुकवला नाही त्यांनी," सर म्हणाले.

चुकवता येणारच नव्हता. आण्णा सरांच्या या बीडच्या कॉलेजात शिपाई होते. एकोणीस वर्षं मायसोबत ऊस तोडून कंबर गेली, मग कोणाच्या तरी ओळखीने ही नोकरी लागली. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सरांचा फिल्म क्लब भरे. हॉल उघडायचा, पडदे ओढायचे, प्रोजेक्टर लावायचा आणि मागे स्टुलावर बसायचं, एवढं त्यांचं काम. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना लागत नसत, म्हणून ते माणसांचे हात बघायचे. रविवारी मला फोन करून निकाल द्यायचे. निकाल बहुधा फाशीचाच असे.

"दोन घंटे ताटं वाढतात आन् उठून जातात. जेवा की बे. कष्टाचं अन्न असतं तर उठले असते का?"

एका श्रीमंत बाईच्या एकटेपणावर सगळा क्लब हळवा झाला होता. आण्णांचं म्हणणं, तिच्या घरात भांडी घासणारी बाई तीनदा दिसली, तिला एकदाही कोणी हाक मारली नाही. खरी एकटी तीच होती, पण कॅमेरा तिच्याकडे वळायलाच तयार नव्हता. एका म्हाताऱ्या शिंप्याचा सिनेमा मात्र त्यांनी निर्दोष सोडला. "त्याला येतं," एवढंच म्हणाले. तो संपल्यावर दिवे लावायला त्यांना उशीर झाला आणि सरांची बोलणी बसली.

एवढा राग येतो तर बघता कशाला, असं मी एकदा चिडून विचारलं होतं.

"पटंल तेवढंच बघायचं आसंल, तर मानसानं घरीच बसावं."

चार वर्षांपूर्वी सरांनी पुण्याच्या एका मासिकात लेख लिहिला. त्यात एक ऊसतोड मजूर गव्हाच्या कापणीचा परदेशी सिनेमा पाहून ओक्साबोक्शी रडतो आणि म्हणतो, मला माझी माती भेटली. मी तो लेख आण्णांना फोनवर वाचून दाखवला.

"मी असं कवा म्हनलो? मी म्हनलो, त्या गड्यानं जन्मात कापणी केलेली न्हाई."

दुसऱ्या दिवशी ते सरांना हेच सांगायला गेले. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आसाराम, तुमचा भाबडेपणा फार मोलाचा आहे, तो जपा, असं म्हणाले. त्यानंतर रविवारचा फोन येत राहिला, पण तो पाऊसपाण्याचा. सिनेमाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. या मार्चमध्ये गेले.

आज सर तोच कापणीचा सिनेमा लावणार होते, आण्णांचा आवडता म्हणून. मी म्हणाले, लावा, पण आधी मला पाच मिनिटं द्या. त्यांचं खरं मत सांगते. जमीन नाही, मोठं घर नाही. स्वतःचं म्हणावं असं त्या माणसाकडे मतच तेवढं होतं.

"श्रद्धांजलीच्या दिवशी कटुता नको, ताई," सर म्हणाले, आणि त्यांनी दिवे बंद केले.

पडद्यावर पिवळं शेत आलं. पुढे गडी विळा चालवतोय, मागे त्याची बायको पेंढ्या बांधतेय, सोबत व्हायोलिन. मी उठून उभी राहिले. सगळी वाक्यं पाठ होती. पहिलं कोणतं घ्यावं ते ठरेना.

तेवढ्यात माय बोलली. आवाज नेहमीचाच, ओट्यावर बसून बोलावं तसा.

"ही पेंढी गाडीपतूर जायची न्हाई."

एकोणीस वर्षं आण्णांनी तोडलेल्या उसाच्या मोळ्या तिने बांधल्या होत्या.

"आळा बी उलटा घातलाय बाई," शेजारची मंगलकाकू पेंढीभोवतीच्या बंधाकडे बोट दाखवत म्हणाली.

"आन् त्यो बघ. हातात इळा हाय का कंगवा?" माय म्हणाली.

बायका हसल्या. मागे कोणी पुरुष हसला. सर दोनदा 'शांतता' म्हणाले. पडद्यावरची बाई संध्याकाळच्या उजेडात रडायला लागली, तरी हॉल हसतच होता. मी खाली बसले.

दिवे लागताच सर लगबगीने मायपुढे आले. हातात डायरी होती.

"काकू, किती सहज बोललात. पुन्हा एकदा म्हणता का? लिहून घेतो."

मायने त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"मी कायबी बोलले न्हाई," ती म्हणाली आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागली.

नेकनूरच्या गाडीत तिने खिडकीची जागा धरली. बीड मागे पडल्यावर विचारलं, "त्यांना बी त्यो गडी खोटाच वाटला आसंल?"

मी हो म्हणाले. ते काय म्हणाले होते तेही सांगितलं.

"मंग त्यांनी मला काऊन सांगितलं न्हाई?"

त्यांचे सगळे फोन मला यायचे. ते बोलत, तेव्हा माय आत चुलीपाशी असायची.

घाटात गाडी हळू झाली.

"त्या पेंढीवाल्या बाईचं फुडं काय झालं?" मायने विचारलं. "हसण्यात ऱ्हाऊन गेलं."

मी सांगू लागले. दर दोन वाक्यांनी ती मला थांबवत होती आणि कुठे काय चुकलं ते सांगत होती.