चुलतभावाचा हक्क

सकाळपासून मासूमाच्या चुलीवर दोन पातेली होती. एकात संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी लाल तांदळाचा भात, दुसऱ्यात नुसतं पाणी, जवादचे गुडघे शेकायला. तिचा चौदा वर्षांचा पोरगा उशी दातांत धरून पडला होता. सिकलसेलचं दुखणं ते. थंडी पडली की हाडं पिळून काढतं. थोरला मुर्तजा याच दुखण्याने नवव्या वर्षी गेला.

आणि आज लेकीचा, सुकैनाचा निकाह होता, थोरल्या काकांच्या अकीलशी. आमच्या सौदीतल्या अल-हसाच्या खजुरीच्या बागांत मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा. त्याने नको म्हटलं तरच परक्याने विचारायचं. निकाहाआधी रक्त तपासणं सक्तीचं; तपासणीचं ऐकणं मात्र सक्तीचं नाही. आरोग्य केंद्रातल्या बद्रिया सिस्टरने दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, की हे दुखणं दोघांच्याही रक्तात दडलेलं आहे, दर बाळंतपणात चारांत एकाचा धोका.

सांगून उपयोग काय? मागे हीच बद्रिया या दुखण्याची चित्रं घेऊन गावात आली, तेव्हा बायकांनी तिला कॉफी पाजली, माना डोलावल्या, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आपलंच रक्त आपल्याला कसं बाधेल, हे आमचं जुनं शहाणपण. त्यापायी किती लेकरं मातीत गेली, ते कुणी बोलत नाही.

"अहो, अजून वेळ आहे. भाऊजींना सांगा ना," मासूमा नवऱ्याला म्हणाली.

"काय सांगू?" ताहेरने नजर चुकवली. "पोर पाळण्यात असताना शब्द दिलाय. आता फिरवला तर दादा या घरचं पाणी पिणार नाही."

"आणि नातवंडं?"

"देवाच्या हातात."

"मुर्तजालाही देवाच्याच हातात सोपवला होता आपण."

ताहेर उठून बाहेर गेला.

आतल्या खोलीत सुकैनाच्या हातावरची मेंदी सुकत होती. "आई, जवादचे पाय दाबतच मोठी झाले मी," ती हळूच म्हणाली. "मला भीती वाटते गं. पण बाबांना मान खाली कशी घालायला लावू?"

आईने उत्तर द्यायला हवं होतं. तिने पोरीची ओढणी नीट केली आणि भाताकडे गेली. तिची तिलाच लाज वाटली.

मगरिबच्या नमाजानंतर पुरुष बैठकीत जमले. मधल्या दारावर पडदा, अलीकडे बायका. निकाह लावणाऱ्या शेखसाहेबांनी पलीकडून विचारलं, "सुकैना बिन्त ताहेर, अकीलशी निकाह लावायला मला परवानगी देतेस? कबूल आहे?"

ती गप्प. आमच्यात मुलगी पहिल्यांदा बोलतच नाही. शेखनी पुन्हा विचारलं. सुकैनाची नजर जवाद कण्हत होता त्या भिंतीकडे वळली, ते फक्त आईला दिसलं.

तिसऱ्यांदा विचारल्यावरही शब्द नाही, तशी थोरली जाऊ खैरिया, अकीलची आई, हसली. "लाजते हो पोरगी. गप्प आहे म्हणजे कबूल. चला गं, तोंड गोड करा."

"थांबा, जाऊबाई."

मासूमाचा आवाज पडद्यापलीकडे गेला. बैठकीतली कुजबुज थांबली.

"शेखसाहेब, गप्प म्हणजे कबूल धरू नका. चुलतभावाशी निकाह लागताना मीसुद्धा अशीच मिठाची गुळणी धरून बसले होते. माझी दोन लेकरं त्याची किंमत मोजताहेत. एक कबरीत, एक या भिंतीपलीकडे कण्हतंय. ती बोलेपर्यंत थांबा."

"जीभ आवर, मासूमा," खैरिया दात आवळून म्हणाली. "माझ्या पोरात काय खोट आहे?"

"काही नाही. सोन्यासारखा आहे अकील. माझ्या पोरीतही खोट नाही. दोघांनी मिळून जे लेकरू जन्माला घालायचं, त्याचं काय?"

सुकैनाने ओढणी मागे सारली. "मला कबूल नाही," ती म्हणाली. मग पलीकडे ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाली.

पलीकडे पेला आपटल्याचा आवाज झाला. थोरले काका निघाले, त्यांच्यामागे त्यांची माणसं. खैरियाने जाता जाता विचारलं, "चुलतभावाला नाकारणारीला कोण करणार आता?"

घर रिकामं झाल्यावर ताहेर आत आला. भिंतीला टेकून खाली बसला. मासूमाला वाटलं, आता हात उगारतो की काय. तो रडत होता.

"आज मला भाऊ उरला नाही, मासूमा."

ती त्याच्या शेजारी बसली. "नाही उरला," ती म्हणाली. "पण तुम्हाला अजून एक कबर खणायला लागणार नाही."