छाती अडतीस, मागे चेकचा नंबर

चेकवर झोकात सही करता आणि मला मात्र कोरी सोडता! हा अपमान आहे, आणि तो मी मुकाट्याने गिळणार नाही. मी बोलतेय, चेक फाडल्यावर चेकबुकात उरते ती पट्टी.

छापखान्यात मी आणि चेक एकाच कागदाचे होतो. दोघांवर नंबरही एकच. पण तो फाटून गेला की त्याला मान, मी अडगळ.

माझी मालकीण शिवणकाम करते. एक जुनं मोटारमशीन घ्यायला तिने चेकबुकातला शेवटचा चेक एका माणसाला दिला. सहा वर्षांची बचत! माणूस दिराच्या ओळखीचा. माझ्यावर एक अक्षर न लिहिता तिने मला ओढून काढलं, पाठीवर 'छाती अडतीस, बाही तेवीस' खरडलं आणि कोटाच्या कापडाला टाचलं. आधीच्या पट्ट्याही अशाच मापांत संपल्या होत्या.

दुसऱ्या सकाळी कळलं, तेच मशीन त्याने आणखी दोघींना विकलंय. तिने बँकेत फोन लावला.

"चेक अजून आलेला नाही," तिथल्या बाई म्हणाल्या. "थांबवता येईल, पण नंबर हवा. लवकर या."

दीर दारात आडवा. "वहिनी, माझ्या शब्दाची काही किंमत?"

"तुमचा शब्द तुम्ही सांभाळा, भावजी. मी माझा चेक सांभाळते."

तिने कापडांचा ढीग उपसला. मला ओरडता येत नव्हतं. मग माझी टाचणीच तिच्या बोटात रुतली. "आई गं!" म्हणत तिने मला पालथी केली, आणि नंबर दिसताच कापडासकट धावत सुटली.

चेक दुपारी बँकेत आला आणि आल्या पावली परत गेला. माझंच भावंड ते, पण मला जराही वाईट वाटलं नाही.

आता मी तिच्या नव्या चेकबुकात राहते, अंगावर रक्ताचा एक ठिपका घेऊन. इथल्या पट्ट्यांवर ती तारीख लिहिते, नाव लिहिते. तुम्हीही लिहा. दोन ओळींनी तुमचा हात झिजत नाही.

त्या सकाळी दीरही मागोमाग बँकेत धडकला होता. "थांबवू नका हो, घरातला मामला आहे!"

काउंटरवरच्या बाईंनी माझ्यावरचा नंबर अर्जाशी ताडून पाहिला, शिक्का मारला आणि मान वर न करताच म्हणाल्या, "खातं यांच्या नावावर आहे. तुम्ही रांगेत उभे राहा."